जुनं ठाणं पायी बघायचंय? नौकाविहार शेवटी ठेवा

पोराबाळांसकट आणि आजी-आजोबांसकट जुनं ठाणं बघायचं तर रविवारी सकाळी साडेसातला स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. जांभळी नाक्याचा बाजार एकदा भरला की हात धरून चालणंही मुश्कील.

आधी बाजारपेठेतलं कौपिनेश्वर मंदिर. आत भलंमोठं शिवलिंग आहे, मुलं बघतच राहतात. पायात सँडल किंवा चपलाच घाला. आम्ही एकदा चौघांनी लेसचे बूट घातले होते, निम्मा वेळ पायरीवर गाठी सोडण्यात गेला!

समोरच मासुंदा तलाव. इथे मुलं होडीसाठी हट्ट धरणारच. "परत येताना" एवढंच सांगायचं आणि तो शब्द पाळायचा. पुढचं सगळं चालणं याच आमिषावर निघतं. काठानं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च बघून टेंभी नाक्याकडे वळा, तिथे बेने इस्राएली, म्हणजे इथल्या ज्यू समाजाचं १८७९ सालचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ आहे. आत जायचं असेल तर आधी विचारून ठेवा.

ठाण्याचा किल्ला म्हणजे आताचं मध्यवर्ती कारागृह. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. तो बाहेरूनच बघायचा, फोटोच्या फंदात पडू नका.

वाटेत भूक लागली तर मिसळ आहेच, पण लहानग्यांसाठी डब्यात दहीभात घ्या. तिखटानं रडारड झाली की होडीसुद्धा कामाला येत नाही.