हरवलेली खाडी भिंतीवर रंगवताना

मुंबईतल्या पायधुनीचे नाव घेताना तेथे एके काळी भरतीचे पाणी शिरत असे आणि ते ओलांडून आलेली माणसे पाय धुऊन पुढे जात, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते. वरळी आणि मुंबई या बेटांमधली खिंड १७८४ च्या सुमारास बांध घालून बुजवली गेली, समुद्र आत येईनासा झाला आणि खाजणावर, म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खारट दलदलीवर, यथावकाश शहर उभे राहिले. अशा जागेची आठवण भित्तिचित्राने जागवायची असेल, तर कुठलेही देखणे जंगल न रंगवता तेथे जे होते तेच रंगवावे.

म्हणून कुंचल्याआधी नकाशा हाती घ्यावा. जुने नकाशे व १९०९ चे मुंबईचे तीन खंडी गॅझेटिअर आजच्या रस्त्यांशी ताडून पाहावे. उमरखाडी, धोबी तलाव, चिंचपोकळी ही नावे वाट दाखवतात. मात्र केवळ नावावरून पाण्याची रेषा आखू नये. मुसळधार पावसात पाणी कुठे तुंबते, हे जुन्या रहिवाशांना अवश्य विचारावे, कारण सखल जागा सहसा लपत नाही.

झाडांच्या बाबतीत घाई मुळीच नको. तिवर आणि कांदळ ही दोन्ही खाडीकाठची खारफुटीची झाडे; पण तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर येतात, तर कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. या दोहोंची सरमिसळ मला फार खटकते. एखाद्या कोळीवाड्यातील जाणत्या माणसाला कच्चे रेखाटन दाखवले, तर चिखलातल्या निवट्या माशांचा आणि खेकड्यांचा तपशीलही अचूक उतरेल.

इमारतमालकाची लेखी संमती घ्यावी. भिंत सार्वजनिक असल्यास किंवा इमारत वारसा यादीत असल्यास महापालिकेची परवानगीही घ्यावी. काम पावसाळा सरून भिंत पुरती वाळल्यावर सुरू करावे. आधी गळती थांबवावी, पोपडे खरवडावेत, नव्या गिलाव्याला तीन-चार आठवडे द्यावेत आणि मगच प्राइमर व बाहेरच्या भिंतींसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग लावावा. ओल तशीच ठेवून रंगवलेले चित्र पुढच्या पावसाळ्यात फुगून सुटते. रेखाटनावर आणि भिंतीवर सारख्याच प्रमाणात चौकटी आखल्यास आकार बिघडत नाहीत.

शेवटी, वाचता येईल अशा उंचीवर, जागेचे जुने रूप आणि ते बदलल्याचा काळ दोन ओळींत लिहावा. पायधुनीत हा मजकूर मराठीबरोबर गुजराती व उर्दूतही असावा.