जुना मॅटॅडोर, सोबत कुत्रा आणि सोलापूरची थंडी: या चुका टाळा

सोलापूरकडे थंडी पडली की बाहेर पडायला निमित्त लागत नाही. ज्वारी हुरड्यात आलेली असते, उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असतात आणि नळदुर्ग, अक्कलकोट, पंढरपूर, विजापूर हे सगळं सकाळी निघून दुपारपर्यंत गाठता येतं. जुन्या मॅटॅडोर व्हॅनमध्ये फळीचा बिछाना, गॅस आणि पाण्याची टाकी बसवून, घरचा कुत्रा सोबत घेऊन चार दिवस फिरायला यापेक्षा चांगला मुलूख आणि हंगाम मला तरी माहीत नाही.

पण या सहलीची तयारी बहुतेक जण मनालीच्या थंडीचे व्हिडिओ पाहून करतात. जाड स्वेटर, गरम पाण्याच्या पिशव्या, गाडी बंद ठेवायला पडदे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या खाली येतो हे खरं, पण दुपारी तो तिशीच्या आसपास असतो. या सहलीत कुत्र्याला खरा धोका असतो तो दुपारच्या उन्हाचा, रात्रीच्या रस्त्याचा आणि बंद गाडीतल्या हवेचा. दुसरी गोष्ट म्हणजे आपण गाडी तपासतो ती आपल्या उंचीवरून. कुत्रा राहतो जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. निघायच्या आदल्या दिवशी गाडीच्या फरशीवर पाच मिनिटं आडवं पडून पाहा. निम्म्या चुका तिथंच दिसतात.

कागदांत ‘व्हिंटेज’ लिहून घेण्याची घाई

जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज नोंदणी करून टाकू, असं अनेकांना वाटतं. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी तरतूद आली. त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. म्हणजे आत पलंग आणि ओटा ठोकलेला मॅटॅडोर तिथं मुळात बसतच नाही. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. सहलीला जायचं असेल तर साधी खासगी नोंदणीच ठेवा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासून घेतात. अंतर्गत बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. विमा कंपनीलाही आत काय बसवलंय ते लेखी कळवा. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा आडवा येतो.

दुपारी कुत्र्याला गाडीत ठेवून दर्शनाला जाणं

तुळजापूर असो, अक्कलकोट असो की विजापूरचा गोलघुमट, कुत्र्याला आत सोडत नाहीत. मग ‘थंडीच आहे, काच थोडी उघडी ठेवू’ म्हणून गाडीत ठेवलं जातं. बाहेर तीस अंश असताना बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी चढतं आणि पुढे चढतच राहतं. काच दोन बोटं खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. जुन्या मॅटॅडोरच्या पत्र्याला आतून अस्तर नसेल तर छत भट्टीसारखं तापतं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो आणि कोंडलेल्या गरम हवेत धाप टाकून उपयोग होत नाही.

यावर उपाय एकच, एकाने बाहेर थांबायचं. सावलीत, कुत्र्यासोबत, पाण्याचं भांडं घेऊन. पाळीपाळीने दर्शन घ्या. एकट्याने निघाला असाल तर ती ठिकाणं या सहलीतून वगळा. उन्हाचा तडाखा बसलाच तर जीभ गडद लाल होते, लाळ तारेसारखी चिकट लोंबते, चाल लटपटते. अशा वेळी साध्या पाण्याने पोट, जांघा आणि पंजे भिजवा, वारा घाला आणि तसंच डॉक्टरकडे न्या. बर्फ लावू नका, ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, बळजबरीने पाणी पाजू नका.

हीच दुपार इंजिनालाही झेपत नाही. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्यायची, पण रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. निघण्याआधी रेडिएटर सोडवून साफ करून घ्या आणि कूलंट भरा. होज पाइप हाताने दाबून पाहा. कडक झालेला किंवा फुगलेला असेल तर बदला. जादा फॅनबेल्ट गाडीत असायलाच हवा.

शेगडी आत घेऊन झोपणं

या लेखातली सगळ्यात गंभीर चूक हीच. हुरड्याच्या आगटीवरून उरलेले निखारे घमेल्यात घालून गाडीत ठेवायचे, दारं लावायची आणि झोपायचं. निखारे विझले असं वाटतं तेव्हाही त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतून उठतच नाही, आणि त्याच हवेत श्वास घेणारा कुत्राही. गॅसची शेगडी उबेसाठी पेटवून ठेवणं तितकंच वाईट. स्वयंपाक करताना दार उघडं ठेवा, शेगडी विझवून मगच झोपा. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा बॅटरीवरचा अलार्म बाजारात मिळतो. तो बिछान्याजवळ लावा. कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, कुत्रा हाक मारूनही उठेना, तर कारण शोधत बसू नका. आधी सगळे बाहेर या.

गॅस सिलिंडरची गोष्ट वेगळी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की तो फरशीवर साचतो, म्हणजे बरोबर कुत्र्याच्या नाकाजवळ. आपल्याला वास येईपर्यंत खाली बराच गॅस जमलेला असू शकतो. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा. त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. रबरी नळी जुनी असेल तर निघण्याआधीच बदला. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

तिसरा धूर सायलेन्सरचा. जुन्या गाडीचा सायलेन्सर जोडावर फुटलेला असतो आणि फरशीच्या पत्र्याला गंजून भोकं पडलेली असतात. त्यात मागचं दार वाऱ्यासाठी उघडं ठेवून गाडी चालवली की मागचा धूर आत ओढला जातो. वारा हवा असेल तर पुढच्या काचा उघडा. मॅटॅडोरसारख्या गाडीत इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे असतं आणि कुत्र्याला तीच उबदार जागा आवडते. तिथं त्याला झोपू देऊ नका. कव्हर तापून कातडी भाजते आणि कव्हरच्या फटीतून येणारा धूर थेट नाकात जातो.

उबेसाठी करायचं ते सोपं आहे. फरशीवर फळी, त्यावर तरट किंवा जुनी सतरंजी, त्यावर घोंगडी. सोलापूरची चादर वर पांघरायला छान, पण खालून येणारा पत्र्याचा गारठा अडवायला ती एकटी पुरत नाही. कारवानी किंवा पश्मी जातीच्या सडपातळ कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, त्यांना पहाटे खरंच थंडी वाजते. त्यांच्यासाठी अंगरखा घ्या, आणि सूर्य वर आला की आठवणीने काढा.

अंधारात ऊस-पट्ट्यातून गाडी चालवणं

थंडी हा गाळपाचा हंगाम. मोहोळ, टेंभुर्णी, पंढरपूर, अकलूजकडचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. बैलगाड्याही असतात. समोरच्या गाडीच्या प्रकाशात डोळे दिपले की उभी ट्रॉली दिसतच नाही. जुन्या मॅटॅडोरच्या दिव्यांचा उजेड आधीच मंद, कारण अर्थिंगची वायर गंजलेली असते आणि आतली चकाकी गेलेली असते. शिवाय ब्रेक जुन्या ड्रम पद्धतीचे, गाडी थांबायला वेळ घेणारे. हे सगळं एकत्र आलं की माझ्या मते एकच नियम उरतो, दिवेलागणीला गाडी मुक्कामी उभी हवी. उजनीकाठी पहाटे धुकं असतं, म्हणून सूर्योदयाआधी निघण्याचाही हट्ट नको.

आणि कुत्रा मोकळा नको. जुन्या गाडीत मागे सीटबेल्ट नसतात, म्हणून गॅरेजमधून बॉडीला पक्का बोल्ट आणि कडी लावून घ्या. त्यात छातीच्या पट्ट्याची दोरी अडकवा. गळ्याच्या पट्ट्याला कधीच नको, अचानक ब्रेक लागला तर मानेला इजा होते. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि उतारावर तापलं की पेडल मऊ पडतं. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. क्वचित चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, तो वाळून तडकतो.

ताटातलं खाऊ घालणं

घरी भाकरी-दूध खाणारा कुत्रा सहलीत सगळ्यांच्या हातचं खातो. आपल्या जिल्ह्यातला हिवाळ्यातला मेवाच त्याला घातक आहे. द्राक्षं आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना बाधतात. एखाद्याला चार मण्यांनी त्रास होतो, दुसरा मूठभर पचवतो, त्यामुळे ‘इतकं चालतं’ असं प्रमाण सांगता येत नाही. बागेत उतरलात तर खाली पडलेल्या मण्यांवर लक्ष ठेवा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, रक्तातल्या लाल पेशी फोडतात. परिणाम काही दिवसांनी दिसतो: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद. शेंगाचटणीत लसूण असतो, हुरड्यासोबतच्या चटण्यांत असतो, ढाब्यावरच्या रश्श्यात तर दोन्ही. द्राक्षं खाल्ल्याचं कळलं तर मीठ पाजून उलटी काढण्याचा उद्योग करू नका. मिठाचीच विषबाधा होते. लक्षणं दिसायची वाट न पाहता डॉक्टर गाठा. मुक्कामाच्या प्रत्येक गावच्या पशुवैद्यकाचा नंबर आधीच लिहून ठेवलेला बरा.

गाडी लागणारा कुत्रा असेल तर निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका.

माळावर कुत्रा सोडणं

नान्नजचा माळ पाहिला की कुत्र्याला पळू द्यावंसं वाटतं. तो भाग १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माळढोक आता तिथं क्वचितच दिसतो, पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. अभयारण्यात कुत्रा न्यायचाच नाही. बाहेरच्या माळावरही दोरी सोडू नका. कारवानी एकदा सशामागे लागला की हाकेला थांबत नाही. पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांना लागतात, आणि लांडग्यांना कुणी लस टोचत नाही. आपल्या कुत्र्याची लस पूर्ण असणं ही त्यांच्यासाठीही काळजी आहे. उजनीकाठी रोहितांच्या थव्यावर कुत्रा सोडून फोटो काढणाऱ्यांना मी विनवून सांगेन, हे करू नका. लांबून आलेले ते पक्षी तिथं पोट भरत असतात.

गावाजवळ मुक्काम करताना आणखी एक लक्षात ठेवा. थंडीत ठिकठिकाणी कुत्र्या व्यालेल्या असतात आणि पिलांची आई अंगावर येते. चावा बसला, कुत्र्याला किंवा तुम्हाला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आधीची रेबीजची लस झालेली असली तरी. गवतात लोळून आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा.

सहल जानेवारीच्या मध्यात असेल तर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी लावू नका. शोभेच्या दारूकामाच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा दोरी तोडून गर्दीत गेला तर सापडणं अवघड असतं. पट्ट्यावर फोन नंबर हवाच.

सकाळी गाडी सुरू होत नाही तेव्हा

स्टार्टर मारमारून बॅटरी उतरवू नका. डिझेल गाडी असेल तर आधी हीटर प्लगला पुरेसा वेळ द्या. नुसता ‘कट कट’ आवाज येत असेल तर बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन क्लॅम्प घट्ट करा. स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर बहुधा पंपाने एअर घेतली आहे, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा. टाकी कोरडी होऊ दिली की हे ठरलेलंच, म्हणून पाव टाकीच्या खाली जाऊ नका. सुरू झाल्यावर खूप वेळ पांढरा धूर येत असेल तर इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट आहे का पाहा. गाडी तापते म्हणून कुणीतरी तो कधीकाळी काढून टाकलेला असतो, आणि मग थंडीत इंजिन गरमच होत नाही. पेट्रोलची जुनी गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्या बदला. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर भुसभुशीत होतं, आणि गळकी नळी गरम इंजिनावर टपकली की आग लागते. आग विझवायचा सिलिंडर चालकाच्या हाताशी ठेवा, पलंगाखाली नको.

राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलात तर गाडी डाव्या कडेला घ्या, मागे त्रिकोण ठेवा आणि १०३३ या महामार्ग मदत क्रमांकाला फोन करा. कुत्र्याला रस्त्याकडच्या दाराने उतरवू नका. आधी दोरी लावा, मग डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून लांब, झाडाला बांधा आणि एक जण त्याच्याजवळ थांबा. क्रेनवाला आला तर ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत कुत्र्याला ठेवू नका, तो तुमच्यासोबत क्रेनच्या केबिनमध्ये बसेल हे फोनवरच विचारून घ्या.