मायक्रोपिपेट हातात घेताना

आमच्या बडोद्याच्या प्रयोगशाळेत नवीन मुलं आली की मी पहिल्या दिवशी त्यांना मायक्रोपिपेटने, म्हणजे अगदी थोडा द्रव अचूक मोजायच्या हातातल्या उपकरणाने, फक्त पाणी मोजायला देते. एन्झाइम महाग असतं, ते नंतर.

आकडा लावताना वरून खाली या: १०० मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) हवे असतील तर किंचित पुढे नेऊन परत १०० वर आणा. नवी टिप (पिपेटच्या टोकाला लावायची प्लास्टिकची निमुळती नळी) मोजायच्या द्रवानेच दोन-तीनदा भरून रिकामी करा.

खरी कला अंगठ्यात आहे. पिपेटचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. ते हवेतच पहिल्या टप्प्यापर्यंत दाबा, पिपेट उभं धरा, टिप दोन-तीन मिलिमीटरच बुडवा आणि अंगठा सावकाश सोडा. झटक्यात सोडलात तर बुडबुडा शिरलाच म्हणून समजा. द्रव चढल्यावरही सेकंदभर थांबा. बाहेर सोडताना टिप नळीच्या भिंतीला टेकवा, पहिला टप्पा, क्षणभर थांबून दुसरा, आणि बटण दाबलेलंच ठेवून टिप वर काढा. मग टोकाकडे नीट बघा. २ मायक्रोलिटर मोजताना तिथे चिकटलेला बारीकसा थेंबही सगळा हिशेब बिघडवतो.

ग्लिसरॉलसारख्या दाट द्रवाला उलट पद्धत: दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून भरा, बाहेर सोडताना पहिल्यापर्यंतच दाबा, टिपमध्ये उरलेलं टाकून द्या.

आपल्याकडच्या मे महिन्यात फ्रीजमधलं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) लगेच मोजू नका. द्रव, टिप, पिपेट एकाच तापमानाला येऊ द्या.

शंका आली तर तराजू आहेच. २५ अंशांना १०० मायक्रोलिटर शुद्ध पाणी साधारण ९९.६ मिलिग्रॅम भरतं. दहा वेळा तोला. आकडे विखुरले तर आधी हात तपासा. सगळे एकाच बाजूला सरकलेले दिसले तर पिपेट कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजमाप तपासून जुळवून घ्यायला, पाठवा.