क्रूर पऱ्यांची कादंबरी वाचताना

‘परी’ या शब्दावर जाऊ नका. छडीवाली, गोड परी इथे नाही; या आपल्या साती आसरांच्या जवळच्या, देखण्या पण खुनशी. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्या शब्दांत पकडतात. ‘मी तुला इजा करणार नाही’ म्हणजे दुसऱ्याकडून करवणार! प्रत्येक वचनाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पुस्तक वडोदऱ्याच्या सेंट्रल लायब्ररीचं असेल तर चिठ्ठीच लावा, रेघ नको.

लोखंड, मीठ, उलटे घातलेले कपडे ही माणसाची हत्यारं. बाळंतिणीच्या उशाखालचा विळा आठवा.

पऱ्यांच्या दरबारातल्या नावांचा गोंधळ होतो आणि पुस्तक 50 पानांत मिटतं. बुकमार्कवर चारच नावं लिहा: कोण, कोणाचा, कोणावर खार खाऊन. पऱ्यांकडचं फळ खाल्लं की माणूस त्यांच्या जाळ्यात अडकतो; म्हणून नायिकेने ते तोंडात घातलं, की पान हळू उलटा.