स्वतःच्या वैतागातून व्यवसाय उभारताना या चुका टाळा

रोजच्या वापरातली एखादी वस्तू नीट चालत नाही आणि बाजारात तिला धड पर्यायही मिळत नाही, तेव्हा ‘आता आपणच बनवू’ असा विचार मनात येतो, आणि अनेक मोठ्या व्यवसायांची सुरुवात खरोखरच अशी झालेली आहे. मात्र संस्थापकाचा वैताग म्हणजे केवळ एका ग्राहकाची साक्ष असते. ती वस्तू पैसे मोजून कोण घेईल, किती मोजेल आणि प्रत्यक्षात कशी वापरेल, हे त्या साक्षीतून कळत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका ते कळले आहे असे गृहीत धरल्यामुळेच होतात.

त्रास आपल्याला झाला, म्हणून गिऱ्हाईकही आपल्यासारखेच असेल, असे मानणे

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल येथे राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन यांच्या घरची चिनी मातीची उंची भांडी नोकरांच्या हातून धुतली जाताना त्यांचे टवके उडत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तारेच्या कप्प्यांत भांडी बसवून त्यांवर साबणाचे गरम पाणी जोराने सोडणारे यंत्र तयार केले आणि १८८६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्रास घरातला होता. परंतु घरोघरी हे यंत्र खपेना, कारण एकाच वेळी इतके पाणी तापवण्याची सोय बहुतेक घरांत नव्हती आणि किंमतही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. शिकागोतील मोठ्या हॉटेलांनी मात्र ते घेतले, कारण फुटणारी भांडी आणि धुणाऱ्यांची मजुरी हा त्यांच्या खतावणीत दिसणारा रोजचा खर्च होता. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनानंतर या यंत्राचे नाव झाले. घरगुती डिशवॉशर अमेरिकेत रुळायला मात्र पुढे अनेक दशके जावी लागली.

हाच हिशेब आपल्याकडे लसूण सोलण्याच्या यंत्राला लावून पाहावा. घरात आठ-दहा पाकळ्या सोलणारी व्यक्ती कुरकुर करील, पण त्यासाठी काही हजार रुपये काढणार नाही. रोज काही किलो लसूण लागणारा केटरर ते काढील. विक्री अडली असेल, तर वस्तूत बदल करण्याआधी गिऱ्हाईक बदलून पाहावे.

वरवरच्या बिघाडालाच मूळ दोष समजणे

मुंबईत सीमेन्स कंपनीत अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा ‘ब्राउन’ या जर्मन कंपनीचा मिक्सर भारतीय वाटणघाटण करताना जळाला. मोटर दुरुस्त करून घेतली असती, तर तो दोष तात्पुरता मिटला असता. खरी अडचण अशी होती, की ते यंत्र युरोपातल्या स्वयंपाकघरासाठी घडवलेले होते; हळकुंड, सुके खोबरे आणि भिजवलेले डाळ-तांदूळ यांचा भार त्याच्या कल्पनेतच नव्हता. त्यातून ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला आणि पुढे पाट्या-वरवंट्याची जागा घेणाऱ्या यंत्राला कित्येक घरांत सुमीत हेच नाव पडले. ब्रिटनमध्ये जेम्स डायसन यांनीही, व्हॅक्यूम क्लीनरची ओढ कमी पडते एवढ्यावर न थांबता, पिशवीची बारीक छिद्रे धुळीने बुजतात हे कारण शोधले आणि पिशवीच काढून टाकली. त्यासाठी त्यांना ५,१२७ नमुने करावे लागले, हे उत्साहाच्या भरात साचा आधीच पाडून घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पहिले नमुने तर हाताशी असलेल्या वस्तूंतून करावेत. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी कॉफीतला गाळ टाळण्यासाठी पितळी भांड्याला भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. पेटंट त्यानंतर, १९०८ मध्ये आले.

कौतुकाला प्रतिसाद समजणे

नातेवाईक वस्तूला नावे ठेवत नाहीत आणि ओळखीचे लोक ‘छानच आहे’ म्हणून मोकळे होतात. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम यांनी स्वस्त सॅनिटरी पॅडचे नमुने वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींना दिले, तेव्हा काही मुलीच सगळ्यांच्या वतीने अभिप्रायाचे फॉर्म भरताना त्यांना आढळल्या. शेवटी दोष निघाला तो कच्च्या मालात. कापसाऐवजी लाकडापासून मिळणारा सेल्युलोज हवा होता.

म्हणून अभिप्राय विचारण्यापेक्षा वापर पाहावा. महिनाभरासाठी दिलेली वस्तू दहाव्या दिवशी माळ्यावर गेली असेल, तर फॉर्मवरच्या पाच चांदण्यांना अर्थ नाही. आगाऊ पैसे कोणी दिले आणि दुसऱ्यांदा कोणी मागितली, याची नोंद अधिक विश्वासार्ह असते. अर्थात ग्राहकाचे प्रत्येक मत शिरोधार्य मानण्याचे कारण नाही: धूळ दिसणारे पारदर्शक भांडे लोकांना आवडणार नाही, असे डायसन यांना सांगण्यात आले होते, आणि नेमके तेच त्यांच्या यंत्राची ओळख ठरले.

एमआरपी शेवटी ठरवणे

समजा, वस्तूची एमआरपी ३०० रुपये आहे आणि तीत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. कर वजा जाता सुमारे २५४ रुपये उरतात. त्यातून दुकानदाराचे ५० आणि वितरकाचे २० रुपये गेले, की हातात १८४ उरतात. वाहतूक, परत आलेला माल आणि जाहिरात यांचा खर्च यातूनच भागवायचा असतो. उत्पादनखर्च १५० रुपये असेल, तर खप वाढेल तसा तोटाही वाढण्याची शक्यता आहे. हा हिशेब पहिल्या नमुन्याच्या वेळीच मांडावा.

रचना जाहीर करून मग पेटंटचा विचार करणे

अर्ज करण्यापूर्वीच वस्तू खुल्या बाजारात विकली किंवा तिची रचना समाजमाध्यमांवर दाखवली, तर नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही. भारतात तात्पुरत्या तपशिलासह आधी अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील सादर करण्यासाठी १२ महिने मिळतात. हा अवधी ग्राहकांकडून चाचणी करून घेण्यासाठी वापरावा आणि त्या काळात आढळलेल्या सुधारणा पूर्ण तपशिलाच्या वेळी वकिलाला दाखवाव्यात, कारण मूळ अर्जात नसलेल्या नव्या भागाला आधीची तारीख मिळत नाही.