ठरावीक प्रोग्राम एकदम बंद कसे करावेत : विंडोजवरची छोटी बॅच फाइल

माझी ताई शाळेच्या कार्यालयात काम करते. संध्याकाळी निघायच्या वेळी तिच्या संगणकावर वर्ड, एक्सेल, क्रोम असं सगळं उघडं असतं. संगणक बंद करून चालत नाही, कारण तिच्यानंतर त्यावर दुसरे बसतात. म्हणजे नेमके आपले प्रोग्राम तेवढे बंद व्हायला हवेत आणि बाकीचं चालू राहायला हवं. तिला फोनवरून जे करायला सांगितलं, तेच इथे लिहितो. संगणकाला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेली साधी फाइल म्हणजे बॅच फाइल; तिच्यावर डबल-क्लिक केलं की त्या आज्ञा ओळीने चालतात. काहीही डाउनलोड करावं लागत नाही. प्रोग्राम बंद करणारी ‘टास्ककिल’ ही आज्ञा विंडोजमध्येच असते.

आधी प्रोग्रामची खरी नावं शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. यादीतल्या प्रोग्रामवर राइट-क्लिक करून ‘गो टू डिटेल्स’ निवडा. तिथे दिसतं ते खरं नाव. हे पाहणं टाळू नका, कारण वर्डचं नाव तिथे वर्ड नसून ‘विनवर्ड डॉट ईएक्सई’ असतं आणि एजचं ‘एमएसएज डॉट ईएक्सई’.

आता नोटपॅड उघडा. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, हे बघून घ्यावं. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मग या ओळी इंग्रजी अक्षरांत टाइप करा. टास्ककिलचं स्पेलिंग टी-ए-एस-के-के-आय-एल-एल, मध्ये जागा नाही. त्यानंतर एक स्पेस, मग तिरपी रेघ आणि तिला चिकटून आय-एम, पुन्हा स्पेस आणि प्रोग्रामचं नाव:

टास्ककिल /आयएम विनवर्ड.ईएक्सई
टास्ककिल /आयएम एक्सेल.ईएक्सई
टास्ककिल /आयएम क्रोम.ईएक्सई
पॉज

शेवटची ‘पॉज’ची ओळ पी-ए-यू-एस-ई. ती नसेल तर फाइल चालवल्यावर उघडणारी काळी खिडकी क्षणात नाहीशी होते आणि काय झालं ते वाचताच येत नाही.

सेव्ह करताना बहुतेकांची गाडी अडते. ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी डॉट बी-ए-टी लिहा. हे राहिलं तर नोटपॅड मागे डॉट टीएक्सटी जोडतो आणि डबल-क्लिक केल्यावर फाइल चालण्याऐवजी नुसती वाचायला उघडते. ताईचंही पहिल्यांदा हेच झालं होतं.

रोजच्या कामाला लावण्याआधी चाचणी घ्याच. वर्डमध्ये कोरी फाइल उघडा, दोन शब्द लिहा, सेव्ह करू नका आणि आपली बॅच फाइल चालवा. ‘बदल सेव्ह करायचे का?’ असं वर्डने विचारलं की समजा, सगळं नीट जमलं. अशी आज्ञा म्हणजे आपण फुलीवर क्लिक केल्यासारखंच असतं. प्रोग्रामला आवरायची संधी मिळते.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी याच ओळीत ‘/एफ’ जोडलेला दिसेल. तो कृपा करून जोडू नका. त्याने प्रोग्राम काही न विचारता जागीच संपतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं. अडकून पडलेल्या, हलतच नसलेल्या प्रोग्रामपुरता तो ठीक आहे, रोजच्या यादीत अजिबात नको. हिशेबाचं सॉफ्टवेअर तर मी यादीतच घेत नाही. ते हाताने, त्याच्या रीतीनेच बंद करावं. ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ हे नावही टाकू नका, कारण खालचा टास्कबार त्याच्याच जिवावर असतो.

क्रोमच्या वेळी काळ्या खिडकीत त्रुटीच्या ओळी येतील. घाबरू नका. क्रोम एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालवतो आणि त्यातल्या बऱ्याच प्रक्रियांना स्वतःची खिडकीच नसते, त्यामुळे बंद करायचा निरोप त्यांना लागू पडत नाही. मुख्य खिडकी मिटली की काम झालं. एखादा प्रोग्राम उघडाच नसेल, तर तो सापडला नाही असा संदेश येतो, तोही निरुपद्रवी. एखादी खिडकी उरलीच तर फाइल पुन्हा चालवा.

चार-आठ दिवस सुरळीत चाललं की ‘पॉज’ची ओळ काढून टाका. फाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’च्या चौकटीत एखादं अक्षर दाबा, कंट्रोल-ऑल्ट आपोआप जोडलं जातं. शॉर्टकटचं नाव मराठीत ठेवता येतं. ताईने ठेवलंय ‘निघते’.