बाईकवर परदेश फिरायचंय? आधी कागद, मग पेट्रोलचं गणित

परदेशात बाईकने जायचं ठरलं की पहिले पंधरा दिवस जॅकेट आणि बॉक्स बघण्यात जातात, आणि ट्रिप अडकते ती बॉर्डरवर नाहीतर पेट्रोल पंपावर. म्हणून सामानाचं एकाच ओळीत उरकतो, जे काढून ठेवलंय त्यातलं अर्धं घरीच राहू द्या.

सुरुवात कागदांपासून, आणि तीही तीन-चार महिने आधी. स्वतःची गाडी नेणार असाल तर वाटेतल्या कुठल्या देशाला कार्ने लागतो ते बघा. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्टच म्हणा ना, आपापल्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबकडून मिळतो, त्यासाठी डिपॉझिट किंवा गॅरंटी द्यावी लागते, इराण, पाकिस्तान, भारत या पट्ट्यात बाहेरची गाडी आणायची तर तो हवाच. गाडी तिकडेच भाड्याने घेणार असाल तर ही कटकट नाही, पण इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं आणि त्यातही गंमत आहे, एक 1949 च्या कराराचं आणि एक 1968 च्या कराराचं. जपानला 1949 चंच चालतं, व्हिएतनामला 1968 चं. शिवाय मूळ लायसन्सवर मोटरसायकल चढलेली पाहिजे, नुसतं कारचं असेल तर परमिट असून नसल्यासारखंच. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना सीसीची मर्यादा वाचा, बऱ्याच पॉलिसी 125 च्या वरच्या गाडीला हात वर करतात.

आता पेट्रोल. आधी स्वतःच्या गाडीची रेंज काढा, आणि ती कंपनीच्या आकड्यावरून नाही, तर सगळं सामान लादून हायवेला नेहमीच्या स्पीडने एक टाकी संपवून. समोरून वारा लागला की ॲव्हरेज चांगलंच पडतं, म्हणून आलेल्या आकड्याच्या पाऊणपटच धरायचं आणि नकाशावर दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर शोधायचं. उदाहरण सांगतो, अलास्काच्या डाल्टन हायवेवर कोल्डफूट सोडलं की डेडहॉर्सपर्यंत 240 मैल म्हणजे साधारण 385 किलोमीटर पंपच नाही. 15 लिटरची टाकी आणि 22 चं ॲव्हरेज म्हणजे 330 झाले, बाकीचे 55 किलोमीटर काय ढकलत नेणार? अशा ठिकाणी चार-पाच लिटरचा कॅन बरोबर ठेवा, पेट्रोलसाठीच बनवलेला, आणि भरताना तो गाडीवर नाही तर जमिनीवर ठेवून भरा, स्टॅटिकची ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

पंपावरच्या ऑक्टेनच्या आकड्यात, म्हणजे पेट्रोल इंजिनात खडखड न करता किती दाब सोसतं त्या आकड्यात, मात्र भलेभले गोंधळतात. युरोप, ऑस्ट्रेलिया, मध्य आशिया इथे रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) मोजतात, अमेरिका आणि कॅनडात वेगळी मोजणी आहे, तिकडचं 87 म्हणजे आपलं साधारण 91-92 रॉन. त्यामुळे मॅन्युअलमध्ये 95 रॉन लिहिलं असेल तर अमेरिकेत 90-91 चं पेट्रोल टाकायचं, 95 शोधत बसायचं नाही. आणि इंजिनाला 91 पुरत असेल तर 98 टाकून गाडी जास्त पळत नाही, पैसे तेवढे पळतात.

खरी पंचाईत उलटी असते, मध्य आशियात आडबाजूला गेलात की पंपावर 92 किंवा थेट 80 च मिळतं. म्हणून तिकडे टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, अर्धी झाली आणि चांगलं पेट्रोल दिसलं की भरून घ्या, म्हणजे पुढे हलकं भरावं लागलं तरी दोन्ही मिसळून निभावतं. हलक्या पेट्रोलवर चढाला इंजिनातून खडखड यायला लागली तर गियर खाली घ्या, ॲक्सिलरेटर पिळू नका. उंचावर हवा विरळ असते म्हणून हा त्रास कमी होतो, ताजिकिस्तानात पामीरला अक-बैताल खिंड 4655 मीटरवर आहे, तिथे ऑक्टेनपेक्षा इंजिनची ताकद कमी झालेलीच जास्त जाणवते.

इथेनॉलचं म्हणाल तर ई5 म्हणजे 5 टक्क्यांपर्यंत, ई10 म्हणजे 10. नव्या गाड्यांना ई10 चालतं, ॲव्हरेज तीनेक टक्के कमी, बस. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचे रबरी पाइप मात्र खराब होतात, आणि इथेनॉल पाणी ओढतं म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ई5 भरलेलं बरं. ब्राझीलमध्ये तर साध्या पेट्रोलमध्येच पाव हिश्शाहून जास्त इथेनॉल असतं आणि शेजारच्या नोझलला निव्वळ इथेनॉल, फ्लेक्स इंजिन, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर चालणारं, नसेल तर तिकडे बघूही नका.

नोझलच्या रंगावर विश्वास ठेवू नका, हे मी स्वतः शिकलोय. युरोपात हिरवं म्हणजे पेट्रोल, अमेरिकेत बहुतेक पंपांवर हिरवं म्हणजे डिझेल. नावंही फसवी, स्पॅनिशमध्ये गासोलिना पेट्रोल पण गासोलेओ डिझेल, फ्रान्समध्ये गाझोल डिझेल, अर्जेंटिनात पेट्रोलला नाफ्ता. युरोपियन युनियनमध्ये 2018 पासून सोपं झालंय, गोल लेबल पेट्रोल, चौकोनी लेबल डिझेल. चुकून डिझेल गेलंच तर चावी फिरवू नका, माझं नशीब की वास आला आणि हात थांबला, टाकी उपसण्यात दुपार गेली पण इंजिन वाचलं.

खेड्यात बाटलीतलं पेट्रोल घ्यायची वेळ आली तर बाटली आधी उजेडात धरून बघा, पाणी खाली बसतं, म्हणून जाळीच्या नरसाळ्यातून हळू ओता आणि तळातलं थोडं सोडून द्या. रोख सुटे पैसे कायम खिशात ठेवा. अमेरिकेत पंपाचं मशीन झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, मागतं आणि परदेशी कार्ड अडतं, तेव्हा आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरायचे.

देश सोडताना कार्नेवर बाहेर पडल्याचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, मागे कितीही रांग असो आणि साहेब कितीही वैतागो. तो एक शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी अजून त्याच देशात, आणि डिपॉझिट अडकलं.